गोळी बदला, पण महिनाभराचा ‘गॅप’ कशासाठी?

“डॉक्टर, मेडिकलवाला म्हणाला, या गोळीने पिंपल्स येतात. ही बंद करा, एक महिना गॅप द्या आणि मग ही दुसरी सुरू करा.”

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्या बाईंनी ‘एक महिना’ म्हणायच्या आधीच ते माझ्या तोंडात आलेलं असतं. मेडिकलवाल्याच्या जागी कधी वहिनी असते, कधी पार्लरमधली ताई, कधी मोबाइलवरच्या रीलमधली कोणी मुलगी. आणि सांगायला लाज वाटते, पण कधी कधी चक्क डॉक्टर असतो. गोळीचं नाव दर वेळी वेगळं, ‘एक महिना गॅप’ मात्र ठरलेला.

आजचा लेख या वाक्याविरुद्ध आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. गोळीने पिंपल्स येतात, हे अर्धं खरं आहे. लगेच दुसरी सुरू करा, यात बहुतेक वेळा घाई असते. आणि महिनाभर गॅप द्या, हे सरळसरळ धोक्याचं आहे. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथेच होतं.

माझ्या एका पेशंटची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय एकतीस, पदरी पाच वर्षांचा मुलगा. दोन-तीन वर्षं साधी गर्भनिरोधक गोळी व्यवस्थित घेत होती. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला पुटकुळ्या यायला लागल्या. दुकानातून कुणीतरी ‘स्किनसाठी चांगली’ म्हणून दुसरी गोळी दिली. दोन महिने घेतली, फरक दिसेना. मधल्या काळात तिने त्वचारोगाचा दवाखाना गाठला. तिथे तिला आयसोट्रेटिनॉइन सुरू झालं. हे हट्टी मुरुमांवरचं खरोखर प्रभावी औषध आहे. तिथे रीतसर विचारलंही होतं, गर्भ राहू नये म्हणून काही वापरता का? ती म्हणाली, हो, गोळ्या चालू आहेत. त्या दिवशी ते खरंच होतं.

पुढच्या महिन्यात ‘ही गोळी सूट होत नाही’ म्हणून तिने ती बंद केली आणि तिसऱ्या गोळीआधीचा गॅप सुरू झाला. त्वचेच्या डॉक्टरांना हे कळवायचं तिला सुचलं नाही. सुचावं तरी कसं? तिच्या लेखी ती गोळ्या सोडत नव्हती, बदलत होती.

माझ्याकडे ती आली ती ॲसिडिटीची तक्रार घेऊन. मळमळ, सकाळी उलटी. मी लघवीची तपासणी करायला सांगितली. दोन रेघा आल्या.

आयसोट्रेटिनॉइन चालू असताना गर्भ राहिला तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात आणि कानात गंभीर व्यंग होण्याचा धोका मोठा असतो. म्हणूनच ते सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भनिरोध सक्तीचा मानतात. त्या नवरा-बायकोला दुसरं मूल हवं होतं, फक्त आत्ता नको होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून त्यांनी गर्भपाताचा निर्णय घेतला. नंतर एकदा ती आली तेव्हा मला तिने एवढंच विचारलं, “गॅप घ्या म्हणून सांगणाऱ्याला हे माहीत नव्हतं का?”

माहीत नसणार. कारण ‘गॅप’ हा सल्ला कुणी विचार करून देतच नाही. तो ऐकीव आहे, एकाने दुसऱ्याला दिलेला.

हे गॅपचं खूळ आलं कुठून?

अमेरिकेत १९६० साली पहिली गर्भनिरोधक गोळी मंजूर झाली, तेव्हा तिच्यात आजच्या मानाने कितीतरी जास्त हार्मोन होतं. इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम. आजच्या गोळीत ते २० ते ३५ मायक्रोग्रॅम असतं. त्या जाड गोळ्यांच्या काळात डॉक्टर मंडळी ‘अधूनमधून शरीराला विश्रांती द्या’ म्हणत असत. गोळ्या हलक्या झाल्या, सल्ला तसाच राहिला. मी शिकत होतो तेव्हाही वॉर्डात हे ऐकलं होतं आणि प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही चार-सहा जणींना हेच सांगितलं असणार. तेव्हा दुकानदाराकडे बोट दाखवताना उरलेली बोटं माझ्याकडे आहेत, हे मला माहीत आहे.

‘गोळ्यांचा असर शरीरात राहतो, महिनाभर काही होत नाही’ हा दुसरा समज. रोजच्या गोळीतलं हार्मोन काही दिवसांत शरीरातून जातं. म्हणूनच तर पाकिटात सात दिवसांपेक्षा मोठी सुट्टी कधीच नसते. ते सात दिवस संपल्यावर नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू केलं तरी बीजांडकोश जागा होऊ शकतो. मग महिनाभर सुट्टी दिली तर काय होणार?

पण गॅपचा एक तोटा असा आहे की जो गर्भ राहण्यापेक्षाही कमी लोकांना माहीत असतो. इस्ट्रोजेन असलेल्या कोणत्याही गोळीने शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. थोडा म्हणजे किती, ते पुढे आकड्यांत सांगतो. हा धोका सगळ्या वर्षांत सारखा नसतो. गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या वर्षात तो सर्वांत जास्त असतो आणि मग कमी होतो. आता मेख अशी की चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पाडून तुम्ही पुन्हा गोळी सुरू केलीत, तर तो पुन्हा वाढतो. म्हणजे दोन वर्षं गोळी घेऊन तुम्ही तो अवघड टप्पा ओलांडलेला असतो आणि एका गॅपने परत घाटाच्या पायथ्याशी येता. दर दोन-तीन महिन्यांनी गोळी बदलत आणि मध्ये गॅप घेत राहिलात तर तुम्ही कायमच पायथ्याशी. शरीराला विश्रांती द्यायला गेलात आणि शिरांना जास्तीत जास्त त्रास दिलात.

गोळी आणि चेहरा

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. गोळीने पिंपल्स येतात का?

मुरुमांच्या मुळाशी तेलग्रंथी असतात आणि त्यांना चाबूक मारतं ते अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली हार्मोन्स. ती बायकांच्या शरीरातही असतात, कमी प्रमाणात. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एका प्रथिनाला बांधलेलं असतं. बांधलेलं असतं तोवर ते निरुपद्रवी. जे मोकळं फिरतं ते तेलग्रंथीपर्यंत पोचतं. गोळीतलं इस्ट्रोजेन यकृताला हे बांधून ठेवणारं प्रथिन जास्त बनवायला लावतं, आणि एकूण गोळी बीजांडकोशात तयार होणारं अँड्रोजेन कमी करते. दोन्हीकडून लगाम. त्यामुळे इस्ट्रोजेन असलेली जवळजवळ कोणतीही गोळी मुरुम कमी करण्याच्याच बाजूची असते.

फरक पडतो तो गोळीतल्या दुसऱ्या हार्मोनमुळे, प्रोजेस्टिनमुळे. आपल्या सरकारी माला-एन मध्ये आणि माला-डी मध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं, १५० मायक्रोग्रॅम. ते स्वतः थोडं अँड्रोजेनच्या वळणाचं आहे. म्हणून ‘माला-एनने चेहरा खराब होतो’ ही दंतकथा. पण गोळी म्हणजे एकटं लेव्होनॉरजेस्ट्रेल नव्हे, सोबत ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन आहे आणि एकूण हिशेबात ते भारी पडतं. लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळ्यांची खोट्या गोळीशी तुलना करून चाचण्या झालेल्या आहेत आणि त्यांतही मुरुम कमीच झालेले दिसले. काही जणींच्या त्वचेला ती मानवत नाही हे खरं आहे, मी पाहिलंय. पण सरकारी दवाखान्यात फुकट मिळते म्हणून ती चेहऱ्याची वैरी, हा निव्वळ अपप्रचार आहे. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नावं ठेवायची आपल्याला खोड आहे.

ड्रोस्पिरेनोन आणि सायप्रोटेरोन ही दोन प्रोजेस्टिनं मात्र उलट वळणाची. ती अँड्रोजेनला विरोध करतात. दुकानात ‘स्किनवाली गोळी’ किंवा ‘पीसीओडीची गोळी’ म्हणून जी मिळते, ती बहुतेक यांपैकीच एक असते. डेसोजेस्ट्रेल या दोन टोकांच्या मधलं.

आणि हो, ज्यांत इस्ट्रोजेन नसतंच त्या उपायांचा हिशेब वेगळा. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, हार्मोनवाली तांबी, दंडात बसवायचं इम्प्लांट, यांनी काही जणींना मुरुम वाढतात. तिथे लगाम धरायला इस्ट्रोजेन नाही. सारखी सारखी घेतली जाणारी ‘७२ तासांची’ गोळी याच घरातली. तिच्या एका गोळीत दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. म्हणजे माला-एनच्या दहा गोळ्यांचं प्रोजेस्टिन एका घोटात. महिन्यातून दोनदा ती घेणारी मुलगी मला ‘रोजची गोळी नको, हार्मोन असतात ना त्यात’ असं सांगते तेव्हा काय बोलावं ते कळत नाही.

आता वेळेचा मुद्दा, कारण सगळा घोळ तिथे आहे. कोणत्याही गोळीचा त्वचेवरचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या एक-दोन पाकिटांत मुरुम उलट थोडे वाढूही शकतात. दुसऱ्या महिन्यात ‘फरक नाही’ म्हणून गोळी बदलणं म्हणजे पेरणी करून चौथ्या दिवशी माती उकरून बघण्यासारखं आहे. असं वर्षभर केलंत तर पाच गोळ्या होतील आणि एकीलाही तुम्ही संधी दिलेली नसेल. आणि शेवटी म्हणाल, मला कुठलीच गोळी सूट होत नाही.

उलट दिशेचाही एक फसवा प्रकार आहे. सायप्रोटेरोनवाली गोळी वर्षभर घेतली, चेहरा नितळ झाला. मग महाग पडते म्हणून किंवा कुणीतरी घाबरवलं म्हणून साधी गोळी सुरू केली, किंवा सगळंच बंद केलं. दोन-चार महिन्यांत मुरुम परत. केसही मूठ-मूठ जायला लागले. मग खापर नव्या गोळीवर. वास्तविक नव्या गोळीने काही आणलेलं नसतं, जुन्या गोळीने जे झाकून ठेवलं होतं ते पडदा उचलल्यावर दिसतंय. गोळी मुरुम बरे करत नाही, आहे तोवर आवरून धरते. हे सुरू करतानाच कुणी सांगितलं असतं तर पुढचे तीन गोंधळ वाचले असते.

मुरुम वेगळे, वांग वेगळा

‘गोळीने चेहरा खराब झाला’ असं म्हणत येणाऱ्या बायकांमधल्या बऱ्याच जणींना मुरुम नसतातच. गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग असतात. वांग. आणि हा नुसता शब्दांचा फरक नाही, कारण दोन्हींचा उपाय एकमेकांच्या उलट आहे. मुरुमांना इस्ट्रोजेन मदत करतं, वांगाला इस्ट्रोजेन आणि ऊन मिळून खतपाणी घालतात. गरोदरपणात वांग आलेली बाई असेल तर गोळीने तो पुन्हा येण्याची शक्यता बरीच.

मग वांगासाठी गोळी बदलून काय होणार? दोन्हींत इस्ट्रोजेन आहे. ‘स्किनवाली’ गोळी घेतली तर तिच्यातही आहे. इथे गोळी बदलायची नसते, पद्धत बदलायची असते. तांबी आहे. छाया आहे, म्हणजेच सहेली. लखनौच्या सीडीआरआय संस्थेत तयार झालेली, इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टिन नसलेली गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा. आपल्या देशाने काढलेली गोळी आपल्याच बायकांना माहीत नाही, हे एक दुखणंच आहे. आणि वांग गोळी बंद केल्यावर लगेच जात नाही. महिनोन् महिने लागतात, उन्हापासून चेहरा सांभाळावा लागतो.

तेवढा धीर नसतो म्हणून मग दुकानातून ट्यूब येते. गोरं करणारी, डाग घालवणारी. बहुतेकींत स्टेरॉइड असतं. पहिले पंधरा दिवस चमत्कार, सहा महिन्यांनी पातळ, लाल, केस उगवलेली, उन्हात जळजळणारी त्वचा. आणि स्टेरॉइडचे स्वतःचे मुरुम. २०१८ मध्ये सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांवर चिठ्ठीचं बंधन घातलं. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते पाळलं जातं का, तुम्हीच सांगा. एखादी बाई माझ्याकडे येऊन ‘गोळीने पुटकुळ्या आल्या’ म्हणते, तेव्हा मी आधी विचारतो, “चेहऱ्याला काय लावता? ट्यूब दाखवा.” अर्ध्या वेळा गुन्हेगार पर्समध्येच सापडतो.

सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेली गोळी

मला सर्वांत जास्त राग येतो तो या गोळ्या क्रीम-पावडरसारख्या विकल्या जातात याचा. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत ड्रोस्पिरेनोन असलेल्या याझ गोळीच्या टीव्हीवरच्या जाहिरातींबद्दल तिथल्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये कंपनीला ताकीद दिली. मुरुमांवरचा आणि मूडवरचा परिणाम फुगवून सांगितला आणि धोके झाकले, असा ठपका होता. २००९ मध्ये बायर कंपनीला दोन कोटी डॉलर खर्चून चूक दुरुस्त करणाऱ्या जाहिराती दाखवायला लागल्या. आपली जाहिरात आपणच खोडायची, तीही टीव्हीवर.

फ्रान्समध्ये डायान ३५ म्हणजे सायप्रोटेरोनवाली गोळी फक्त मुरुमांसाठी मंजूर होती, पण सर्रास गर्भनिरोधक म्हणून लिहिली जायची. १९८७ पासूनचे चार मृत्यू तिच्याशी जोडले गेले आणि २०१३ मध्ये तिथे तिची विक्री थांबवण्यात आली. युरोपच्या औषध संस्थेने सगळा पुरावा तपासून निर्णय दिला की गोळी ठेवावी, पण अँड्रोजेनमुळे होणाऱ्या मध्यम ते तीव्र मुरुमांसाठी आणि अंगावरच्या जास्त केसांसाठीच, आणि मुरुमांसाठी तीही मलमं-अँटिबायोटिक करून झाल्यावर. पुढच्या वर्षी ती तिथे परत आली. म्हणजे काय? गोळी विष नव्हती. ती ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापलीकडे भलत्यांच्याच हातात गेली, हा दोष होता. आपल्याकडे हीच गोळी अठरा वर्षांच्या मुलीला, पाळी चार दिवस पुढेमागे झाली म्हणून, बीपी न बघता दिली जाते. आई सोबत असते आणि तिला गोळी गर्भनिरोधक आहे हे सांगितलेलंही नसतं. ‘पाळीची गोळी’ म्हणायचं, विषय मिटला.

आता कबूल केलेले आकडे. दहा हजार बायका, वय-तब्येत सर्वसाधारण, वर्षभर पाहिल्या तर गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्यांत साधारण २ जणींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलवाली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७. ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेलवाली घेणाऱ्यांत ९ ते १२. सायप्रोटेरोन याच वरच्या गटाच्या आसपास. हे २०१३ च्या युरोपीय फेरतपासणीतले आकडे आहेत.

हे वाचून घाबरू नका. दहा हजारांत बारा म्हणजे नऊ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी जणींना काही झालं नाही. गरोदरपणात, आणि त्याहून बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, गुठळीचा धोका यातल्या कोणत्याही गोळीपेक्षा जास्त असतो. म्हणून घाबरून गोळी टाकून देणं हाही उपाय नाही. इंग्लंडमध्ये १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारी समितीने नव्या गोळ्यांच्या गुठळीबद्दल तातडीचं पत्रक काढलं. हजारो बायकांनी पाकिटं अर्ध्यावर टाकली. पुढच्या वर्षी तिथे गर्भपातांचं प्रमाण ठळकपणे वाढलं. हा लेख वाचून कुणी आज रात्रीची गोळी चुकवली तर मी लिहिलं नसतं तर बरं झालं असतं.

माझं म्हणणं एवढंच, की जास्तीचा धोका घ्यायचा तर त्याच्या बदल्यात काही मिळायला हवं. चेहरा भरून मुरुम आहेत, व्रण पडताहेत, हनुवटीवर केस येताहेत, पीसीओएस आहे, गर्भनिरोधही हवा आहे. जरूर घ्या, ती गोळी याचसाठी आहे. पाळीआधी येणाऱ्या दोन पुटकुळ्यांसाठी मात्र नको. त्यासाठी त्वचेची औषधं आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलीन, गरज पडली तर डॉक्सिसायक्लिन. चालू गोळी न हलवता ती घेता येतात. ‘अँटिबायोटिकने गोळीचा असर जातो’ हीसुद्धा सरसकट खरी गोष्ट नाही. टीबीची रिफॅम्पिसिन आणि फिटची काही औषधं, जसं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, यांनी जातो. डॉक्सिसायक्लिनने नाही.

इथे एका वेगळ्या मंडळींनाही सुनवायचं आहे. ‘तोंडावर दोन फोड आले तर एवढं काय, लग्न झालंय ना आता’ असं म्हणणारे नवरे, सासवा आणि, होय, आमच्यातले डॉक्टर. बाई दुकानात जाते ती आपण तिची तक्रार हसण्यावारी नेली म्हणून. तिला दहा मिनिटं दिली असती तर ती काउंटरवर उभी राहून चार माणसांत कुजबुजली नसती. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी बीपी मोजायला एक मिनिट लागतं. अर्धशिशी आहे का, आणि डोकं दुखण्याआधी नजरेसमोर चकाकत्या नागमोडी रेषा येतात का, हे विचारायला अर्धं मिनिट. तशा रेषा येणाऱ्या बाईला इस्ट्रोजेनची कोणतीच गोळी द्यायची नसते, कारण मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो. घरात कुणाला कमी वयात गुठळी झाली होती का, पस्तिशीच्या पुढे असून धूम्रपान करता का, बाळ अंगावर पितंय का आणि ते सहा महिन्यांचं झालंय का, मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटॅशियम वाढवणारी बीपीची औषधं चालू आहेत का. शेवटचं ड्रोस्पिरेनोनसाठी महत्त्वाचं, तेही पोटॅशियम वाढवू शकतं. हे सगळं पाच मिनिटांत होतं. काउंटरवर हे कुणी विचारत नाही, विचारणं शक्यही नाही, म्हणून या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात.

मग बदलायची कशी?

खरंच बदलायची ठरली, डॉक्टरांशी बोलून ठरली, तर पद्धत इतकी सोपी आहे की गॅपवाल्यांचं आश्चर्य वाटतं. एका इस्ट्रोजेनवाल्या गोळीवरून दुसऱ्या इस्ट्रोजेनवाल्या गोळीवर जाताना, जुन्या पाकिटातली शेवटची हार्मोनची गोळी आज घेतली, तर नवीन पाकिटातली पहिली गोळी उद्या. पाळीची वाट बघायची नाही. पाकिटात शेवटी लोहाच्या किंवा बिनऔषधाच्या गोळ्या असतील तर त्या या वेळी सोडायच्या. माला-एनच्या २८ गोळ्यांतल्या शेवटच्या ७ लोहाच्या असतात, बदलताना २१ वी झाली की पुढच्या दिवशी नवीन. जुन्या गोळ्या नीट घेतलेल्या असतील तर मध्ये निरोधचीही गरज नाही. चुकल्या असतील तर सात दिवस निरोध वापरा. त्या महिन्यात पाळी लांबेल किंवा थोडं डागेल. चालतं. इंजेक्शनवरून, तांबीवरून किंवा छायावरून बदलताना हिशेब वेगळा असतो, तो विचारून घ्या.

आणि नवीन गोळी सुरू केल्यावर चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेवा, खिडकीच्या उजेडात. पुढचा फोटो तीन महिन्यांनी. रोज आरसा बघून निकाल लावू नका, आरसा रोज वेगळं सांगतो. तीन महिन्यांनी दोन्ही फोटो आणि सगळी पाकिटं घेऊन दवाखान्यात या, रिकामी असली तरी चालतील. नाव लक्षात राहत नाही आणि ‘गुलाबी डब्यातली’ म्हणून मला ओळखता येत नाही.

एका बाबतीत मात्र तीन महिने काय, तीन तासही थांबायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं, कधी नव्हे असं जोरात डोकं दुखलं, दिसायला किंवा बोलायला अडचण आली, तर लगेच मोठ्या रुग्णालयात जा. आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की मी गर्भनिरोधक गोळी घेते, अमुक महिन्यांपूर्वी बदलली. सासूबाई शेजारी उभ्या असतील, वडील असतील, लग्न झालेलं नसेल. तरी सांगा. अशाच एका मुलीला मी ‘काही औषधं चालू आहेत का’ असं दोनदा विचारलं आणि तिने दोनदा नाही म्हटलं. वडील बाहेर गेल्यावर तिने तिसऱ्यांदा खरं सांगितलं, आणि मग आम्ही तिच्या पायाची सोनोग्राफी केली.